गुप्त गिऱ्हाईक आणि गाडीची किल्ली

बायकोला सांगायचं नाही, असं वर्लिन कुबियाकने ठरवलं आणि तिथेच तो फसला. (नवऱ्यांच्या बहुतेक फजित्यांची सुरुवात याच वाक्याने होते. पटत नसेल तर स्वतःच्या आठवून बघा, मी थांबतो.)

अमेरिकेतल्या ओशकोश गावच्या कागद गिरणीतून निवृत्त झाल्यावर वर्लिन चार महिने घरात बसला. बसला म्हणजे बायकोच्या, आर्लीनच्या, पायांत पायांत करत राहिला. ती भांडी लावायला लागली की हा म्हणायचा, "कप डावीकडे ठेवलेस तर हाताशी येतील." आर्लीन शांत बाई. एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "वर्लिन, रोज सहा तास कुठेतरी जात जा. कुठे ते मी विचारणार नाही."

म्हणून त्याने कंप्युटरवर काम शोधलं ते गुप्त गिऱ्हाइकाचं. म्हणजे दुकानात चारचौघांसारखं जायचं, काहीतरी विकत घ्यायचं आणि नोकरांनी स्वतःचं नाव सांगितलं का, हसले का, किती मिनिटं ताटकळत ठेवलं, संडासात साबण होता का, हे सगळं गुपचूप कंपनीला कळवायचं. कधीकधी घेतलेली वस्तू दुसऱ्या दिवशी परत न्यायची आणि दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडतात का ते बघायचं. (आमच्या घरातले सगळेच हे फुकट करतात.) करारातलं सातवं कलम असं होतं, की या कामाबद्दल कुणाशीही बोलू नये. कुणाशीही म्हणजे दुकानदारांशी, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वर्लिनने ते थेट आर्लीनपर्यंत ताणलं. गिरणीतल्या एकतीस वर्षांत त्याच्यावर विश्वासून कुणी काही गुपित सांगितलं नव्हतं. पहिलंच मिळालं, ते त्याने अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखं उबवलं.

तीन आठवडे मजेत गेले. मग कंपनीने त्याला पाठवलं सिल्व्हर बर्च नावाच्या वृद्धाश्रमात. आईसाठी खोली बघायला आलोय असं सांगायचं आणि तिथली माणसं कसं वागवतात ते टिपायचं. आईचं नाव, वय, दुखणं, सगळं कंपनीने लिहून दिलं होतं. ते कुठल्यातरी तरुण गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं होतं, पण वर्लिनने चष्मा गाडीत ठेवला होता आणि अक्कल बहुधा चष्म्याच्या डबीत.

तिथे ट्रिशा नावाच्या गोड मुलीने त्याला बसवलं.

"आईंचं नाव काय, कुबियाकसाहेब?"

"मार्गारेट," वर्लिन म्हणाला. मग शंका आली. "किंवा मार्गरी."

ट्रिशाने समजुतीने मान हलवली. "वय?"

"एक्याऐंशी."

"आणि तुमचं?"

"अडुसष्ट," हे मात्र तो खरं सांगून बसला.

ट्रिशाने टेबलाखाली बोटं मोजली. "लवकर लग्न झालं असेल त्यांचं," ती हळूच म्हणाली. "आत्ता कुठे असतात त्या?"

हे काही कागदावर नव्हतं. वर्लिनच्या खऱ्या आईला पुरून अकरा वर्षं झाली होती. आणि हा खोटं बोलायला बसलेला असला, तरी पिंड मुळात प्रामाणिक माणसाचा. "नदीकाठी," तो म्हणाला. "शांत जागा आहे."

"एकट्याच?"

"नाही, वडील शेजारीच आहेत."

"मग त्यांनाही इकडे आणणार का?"

"त्यांना हलवणं कठीण आहे," वर्लिन म्हणाला आणि उठून संडासात गेला. तिथेच तर टिपणं लिहायची असतात. पाऊण तासात तो चार वेळा गेला. दर वेळी परत आला की घड्याळ बघायचा आणि ट्रिशाला तिचं नाव विचारायचा. (मागच्या खेपेला लिहिलं होतं की नाही, ते त्याला आठवत नव्हतं.) निघताना त्याने घरचा फोन नंबर दिला, कारण दोन दिवसांत फोन येतो का, तेही बघायचं होतं.

फोन दोन तासांतच आला. घेतला आर्लीनने.

"मी काळजीपोटी फोन करतेय," ट्रिशा म्हणाली. "साहेब आईंसाठी खोली बघून गेले."

"कुणाच्या आईंसाठी?"

"त्यांच्या. नदीकाठी राहतात ना, त्या."

आर्लीनने फोन ठेवला. मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे यायला लागली. मागच्या सोमवारी त्याने पडदे आणले होते, मंगळवारी परत केले होते. रविवारी चर्चमध्ये पाद्र्याचं प्रवचन चालू असताना हा उठून साबण बघायला गेला होता. सव्वीस वर्षं ओळखीच्या वाढपिणीला त्याने विचारलं होतं, "तुमचं नाव काय म्हणालात?"

संध्याकाळी वर्लिन कुठेतरी जायला निघाला तर खुंटीवर गाडीची किल्ली नाही.

"किल्ली कुठेय?"

"तू नको त्रास घेऊस, राजा," आर्लीन म्हणाली.

राजा ऐकून वर्लिनने मागे कुणी उभं आहे का ते बघितलं. ही हाक त्याने लग्नाच्या दुसऱ्या वर्षानंतर ऐकली नव्हती. वर जेवायला चीज घातलेले भाजलेले बटाटे, तेही साध्या सोमवारी. काहीतरी भयंकर घडलंय, एवढं त्याला कळलं. काय ते कळेना.

दुसऱ्या दिवशी शेजारचा गॉर्डी आला. दारातूनच मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाला, "वर्लिन. मी. गॉर्डी. शेजारचा."

"मला ठाऊक आहे तू कोण आहेस. माझी शिडी नेलीयेस एप्रिलमध्ये."

गॉर्डीने आर्लीनकडे बघून सुस्कारा सोडला. "परत केली रे, मागेच. आठवत नाही का?"

वर्लिन गॅरेजमध्ये जाऊन बघून आला. शिडी नव्हती. पण गॉर्डीचा चेहरा इतका दयाळू होता, की वर्लिनला स्वतःबद्दलच शंका यायला लागली. (अशी दया करणाऱ्या शेजाऱ्यांपासून वस्तू जपाव्यात.)

अखेर आर्लीनने ट्रिशाच्या फोनचं सांगून टाकलं. "गुरुवारी डॉक्टर फेंस्केंकडे जायचंय. डोकं ठिकाणावर आहे असं ते म्हणाले तर किल्ली तुझी. नाही म्हणाले तर गाडी मी चालवणार, आणि तू शेजारी बसणार."

"कायमचा?"

"कायमचा."

ओशकोशमध्ये माणसाची गाडी काढून घेणं म्हणजे बैलाचे पाय बांधून त्याला नांगराला जुंपण्यासारखं. आर्लीन गाडी चालवते ती चर्चला आणि बहिणीकडे. दोन्हीकडे वर्लिनला गप्प बसावं लागतं. तरी त्याने कलम सात मोडलं नाही. तीन दिवस दातांवर दात रोवून राहिला.

गुरुवारी आर्लीननेच गाडी चालवत नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. वर्लिन इतका घाबरला होता, की त्याच्या घड्याळात दहानंतर थेट बारा वाजले.

"ते पडदे का परत केलेत?" डॉक्टरांनी हळुवार विचारलं.

वर्लिनने आर्लीनकडे बघितलं. ती मांडीवर रुमाल पिळत होती. मग मात्र त्याचा धीर सुटला. "मला त्याचे पैसे मिळतात," तो म्हणाला. "वस्तू घ्यायच्या आणि परत करायच्या."

"कोण देतं?"

"कधी भेटलो नाही मी त्यांना."

"मग काय करायचं ते कळतं कसं?"

"कंप्युटरवर हुकूम येतो."

"आणि ते संडास?"

"ते त्यांनाच बघायचे असतात. पण माझ्या डोळ्यांनी."

डॉक्टरांचं पेन भराभर चालायला लागलं. आर्लीनने रुमाल डोळ्यांना लावला. खरं बोलून माणूस इतका वेडा ठरू शकतो, हे वर्लिनला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्याने खिशातून वही काढली आणि टेबलावर आपटली. "हे बघा. सगळं लिहिलेलं आहे."

डॉक्टरांनी शेवटचं पान उघडलं. (एकदा सवय लागली की लिहायला हात शिवशिवतात हो, त्याला माणूस काय करणार.) तिथे लिहिलं होतं: 'डॉक्टर फेंस्के यांचा दवाखाना. सतरा मिनिटं बसवलं. बाहेरच्या बाईने नाव सांगितलं नाही. साबण संपलेला. मासिकं सहा वर्षांपूर्वीची.'

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा दवाखाना ज्या मोठ्या कंपनीच्या मालकीचा होता, तिचं गेल्याच महिन्यात पत्र आलं होतं, की कुणीतरी रोगी बनून तपासणीला येईल, सांभाळून असा.

"तुम्हाला इथे कुणी पाठवलं, कुबियाकसाहेब?"

"आर्लीनने," वर्लिन म्हणाला.

"तसं नाही. कंपनीचं नाव?"

"ते मला सांगता येत नाही. कलम सात."

डॉक्टर उठले, बाहेर गेले. आत आली ती बाहेरची बाई, कॉफी घेऊन. "माझं नाव डीना," ती हसून म्हणाली आणि जाताना पुन्हा एकदा म्हणाली. संडासात कुणीतरी पळत साबण ठेवून आलं. डॉक्टरांनी परीक्षेचा कागद पुढे ओढला आणि वर्लिनला तीसपैकी तीस गुण दिले.

"पण त्या घड्याळात अकरा नाहीयेत," आर्लीन म्हणाली.

"हल्ली बरेच जण असंच काढतात," डॉक्टर म्हणाले.

दोघं बाहेर आली. आर्लीन दारातच थांबली.

"तीन रात्री मी उशीत तोंड खुपसून रडलेय," ती म्हणाली. "एक शब्द सांगितला असतास तर काय बिघडलं असतं?"

"कलम..." वर्लिन म्हणाला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं गिळलं.

"तुझं काम खरं आहे, हे पटलं मला. पण तो डॉक्टर घाबरला होता. म्हणून मी एकच प्रश्न विचारते." तिने पर्समधून किल्ली काढून त्याच्या नाकासमोर धरली. "आपली गाडी कुठे लावलीय?"

वर्लिन हसला. हा काय प्रश्न झाला? येताना त्याने गाडीतळावरचं सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. तीन दिवे फुटलेले होते, अपंगांच्या जागेची पाटी वाकलेली होती, दोन खड्डे होते. तो छाती पुढे काढून तिसऱ्या रांगेतल्या करड्या गाडीपाशी गेला आणि दाराला हात घातला. आतून एका कुत्र्याने काचेवर नाक टेकवलं आणि तो भुंकायला लागला.

आर्लीन पार दुसऱ्या टोकाला त्यांच्या हिरव्या गाडीपाशी उभी होती. नऊ वर्षं हिरवीच होती ती.

तेवढ्यात करड्या गाडीची मालकीण आली. पांढऱ्या केसांची म्हातारी. तिने वर्लिनचा हात अलगद दारावरून काढला, कोपराला धरून त्याला हळूहळू आर्लीनपर्यंत चालवत आणलं आणि म्हणाली, "आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. धीर धरा, बाई."

"धरलाय," आर्लीन म्हणाली. तिने किल्ली पर्समध्ये टाकली, पर्सची चेन ओढली आणि वर्लिनसाठी शेजारचं दार उघडलं.