खडूची फुली

जनार्दन चौगुले यांनी मला फसवलं. माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर फसवलं, आणि आजही ते गल्लीतून ताठ मानेनं फिरतात. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोललो तर कुणाचा गैरसमज व्हायला नको.

चौगुले म्हणजे कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीतले जनूकाका. माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं. अंगात पांढरा हाफ शर्ट आणि त्या शर्टाचा खिसा कायम फुगलेला, कारण खिशात सुक्या खोबऱ्याची वाटी. तिच्याशेजारी खडूचा तुकडा. लोक खिशात पेन ठेवतात, चष्मा ठेवतात. हा माणूस खोबरं ठेवतो. खोबरं मिक्सरची परीक्षा घ्यायला आणि खडू नापास करायला.

जन्मभर ते एका फौंड्रीत तपासनीस होते. ओतून आलेला माल हातोडीनं ठोकायचा, कान देऊन ऐकायचा, आणि बद्द वाजला की त्यावर खडूनं फुली मारायची. फौंड्रीनं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांच्या हाताला ते कुणी कळवलं नाही. फौंड्री सुटल्यावर फुल्या मारायला जागा हवी म्हणून त्यांनी राजारामपुरीतलं माझं दुकान शोधून काढलं.

हे दुकान मला कुणी आंदण दिलेलं नाही. स्टोव्हच्या पिना आणि बर्नर पेटीत भरून, ती पेटी एसटीच्या टपावर टाकून मी आजरा, नेसरी, कुरुंदवाडचे बाजार केलेत. उन्हात बसून घसा फोडलाय. तेव्हा कुठं मिक्सर, कुकर, इस्त्रीचं दुकान उभं राहिलं. आणि त्या दुकानात रोज सकाळी एक म्हातारा येऊन बाकड्यावर बसणार आणि मी खोक्यावरचा मजकूर गिऱ्हाइकाला वाचून दाखवायला लागलो की म्हणणार, "खोक्यावर छापायला काय जातंय?"

नव्वदच्या दशकात घरोघर मिक्सर शिरायला लागले तेव्हाची गोष्ट. एक नवराबायको भांड्यात दूध फिरवून बघून, मिक्सर पसंत करून पिशवीत भरायला निघाले होते. जनूकाका उठले. "पावणं, जरा थांबा. तुमच्यात चटणी कशाची करत्यात?"

"कांदा-लसणाची. दुसरी कशाची?"

"मग दूध फिरवून काय बघताय?" असं म्हणून त्यांनी खिशातलं खोबरं फोडून भांड्यात टाकलं, बाईंच्या पिशवीतल्या मूठभर लाल मिरच्या टाकल्या आणि बटण दाबलं. मिक्सर आधी गुरगुरला, मग कण्हला, मग त्यातून जळका वास आला आणि तो गप्प झाला. अर्धं दुकान शिंकत होतं.

"साडेसातशे वॅट म्हणं!" काका म्हणाले. "वॅट खोक्यात ऱ्हायली. मोटार तेवढी भाईर आली." आणि मारली फुली.

फुली पुसून तो मिक्सर मी पुढं एका लॉजवाल्याला खास ताकासाठी म्हणून विकला, ती गोष्ट वेगळी.

नॉनस्टिक तवा आला तेव्हा त्यावर त्यांनी भाकरी टाकून पाहिली. "चिकटत न्हाय, खरं हाय. पर फुगत बी न्हाय की! नुसतं न चिकटनं ह्यो काय गुण झाला व्हय?" फुली.

माणसंही सुटली नाहीत. त्यांच्या भाचीला बघायला नेसरीहून स्थळ आलं. मुलाच्या माहितीच्या कागदावर 'मेहनती व मनमिळाऊ' असं लिहिलेलं. काकांनी कागद वाचला, मान हलवली आणि त्या पोराला मागल्या अंगणात नेऊन कांद्याच्या ढिगासमोर बसवलं. पाहुण्यांच्या जेवणाचे कांदे. म्हणाले, "चिरा. मेहनत हातात दिसंल आन मनमिळाऊपना डोळ्यांत." पोरगा रडत रडत विनोद सांगत होता आणि बायका हसत होत्या. पास झाला. सुशीलाकाकूंनी, म्हणजे जनूकाकांच्या बायकोनं, त्या दिवशी सकाळीच नवऱ्याच्या खिशातला खडू काढून डब्यात लपवला होता. न जाणो, पोराच्या पाठीवरच फुली उठायची.

काकूंचे बटाटेवडे आमच्या गल्लीत प्रसिद्ध. काळीभोर लोखंडी कढई, परातीएवढं तोंड. कुणाच्या घरी बारसं असो नाहीतर मुंज, कढई काकूंचीच आणि हातही काकूंचाच. आम्ही सगळे बोटं चाटायचो. जनूकाका चार वडे खाऊन, बशी पुसून म्हणायचे, "चालतंय."

बस. एवढंच. उभ्या संसारात त्या माणसानं बायकोच्या स्वयंपाकाला 'चालतंय'च्या वर मार्क दिले नाहीत. काकू हसून म्हणायच्या, "फुली मारली न्हाई, हेच लई झालं."

दोन हजार साल उलटल्यानंतरच्या एका वर्षी काकूंना छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यात राहून आल्या. डॉक्टरांनी तळलेलं कायमचं बंद केलं. गल्लीतला वड्यांचा वास गेला. हे मला माहीत होतं, पण माझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच घोळत होतं.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी नवीनच वस्तू उचलली होती. काचेचं मोठं गोल भांडं, आत जाळी, आणि झाकणातच तापणारी तार आणि पंखा. गरम हवा आत भोवऱ्यासारखी फिरते आणि पदार्थ तळल्यासारखा होतो. खोक्यावर एक गोरं कुटुंब अख्खी कोंबडी बघून हसत होतं आणि खाली छापलं होतं: तेराशे वॅट, बारा लिटर, पाच माणसांचा स्वयंपाक, तळणाची चव तेलाविना. माल परत घेणार नाही अशी बोली होती, म्हणून मी असा भाव पाडला की तो व्यापारी जाताना माझ्याशी बोललासुद्धा नाही. माझा माळा खोक्यांनी भरला. कोल्हापुरात ही भट्टी पहिली माझ्याकडं!

रविवारी दुकानात सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं ठरवलं. गर्दी जमली. जनूकाका आले ते उडदाचे पापड आणि डब्यात भज्यांचं पीठ घेऊनच.

पहिला पापड ठेवला. पंखा सुरू झाल्याबरोबर पापड उडाला, आत दोन गिरक्या घेऊन वर झाकणाला जाऊन चिकटला आणि तिथंच काळा पडला. मग भजी. तेलात पडल्या पडल्या पीठ धरून बसतं. इथं तेल कुठाय? पीठ जाळीतून खाली गळलं आणि भांड्याचा तळ लिंपल्यासारखा झाला. शेवटी मी स्वतः बटाट्याच्या फोडी भरल्या. बारा लिटर आहे म्हणून काठोकाठ भरल्या. वरच्या करपल्या, खालच्या उकडल्या, मधल्या कच्च्याच.

"बारा लिटर म्हंजे ह्येंनी आतली हवा मोजल्या," जनूकाका गर्दीकडं वळून म्हणाले. "पाच मानसांनी काय हवा खाऊन उठायचं?" मग माझ्याकडं वळले. "सदबा, ही भट्टी न्हाय. केस वाळवायचं मशीन हाय, त्येला भांडं बसवलंय." आणि त्या लखलखीत झाकणावर फुली.

लोक पोट धरून हसले आणि घरी गेले. माझं डोकं फिरलं. "काका, दुकानातनं खाली उतरा! परत पायरी चढू नका!"

ते उतरले. पायरीवर थांबले. वळून त्या भट्टीकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ती दे बांधून."

"कोणती?"

"तीच. फुलीची."

"नापास माल कशाला हवाय तुम्हाला?"

"नापास मालाचं काय करायचं ते मला म्हाईत हाय. तू बांध."

मी सांगितला तो भाव त्यांनी दिला. हुज्जत नाही, घासाघीस नाही. तिथंच मला संशय यायला हवा होता. कोल्हापुरात न घासता भाव देणारा माणूस काहीतरी लपवत असतो.

पुढं काय झालं ऐका. पायरी चढू नका म्हटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाकड्यावर हजर. आजऱ्याचं गिऱ्हाईक येवो, कुरुंदवाडचं येवो, भट्टीवर बोट ठेवलं रे ठेवलं की बाकड्यावरून आवाज यायचा, "पावणं, नगा घिऊ. माझ्या घरात हाय, म्हनून सांगतोय." वापरणारा माणूसच असं म्हणतो म्हटल्यावर कोण घेणार? माळ्यावरचं एक खोकं हलेना. मी म्हणायचो, "मग परत आणा की तुमची!" त्यावर काका खडूशी चाळा करत रस्त्याकडं बघत बसायचे. नापास आहे तर परत का देत नाही? चालते आहे तर लोकांना सांगत का नाही? मला दुसरं काही नको होतं. भर दुकानात एकदा 'चालतंय' म्हणावं, माझा माळा रिकामा झाला असता.

तेवढं कबूल करून घ्यायचंच, असं ठरवून एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. पुढचं दार लोटलेलं होतं म्हणून मागल्या अंगणातून शिरलो आणि थबकलो. काकूंची ती कढई तुळशीच्या कट्ट्याशेजारी पडली होती. तळाला भोक पाडून तिच्यात माती भरली होती आणि कोथिंबीर लावली होती. तिच्या काळ्या पाठीवर खडूची ठसठशीत फुली.

स्वयंपाकघरातून पंख्याचा घरघर आवाज येत होता. बनियनवर जनूकाका भट्टीसमोर उकिडवे बसले होते. काकू पाटावर.

"आलास? बस," काका म्हणाले. दुकानातल्या भांडणाचा मागमूस नव्हता. "भजी ह्यात व्हत न्हाईत. वडा व्हतोय. पर पीठ घट्ट पायजे आन वरनं तेलाचं नुसतं बोट. आन गर्दी न्हाय करायची. एकमेकाला चिकटलं की उकडलंच समज. निम्म्यात पालथं करायचं. आन दुपारीच लावायची. सांजच्याला गल्लीत लाईट दमती, तार लालच व्हत न्हाय."

खोक्यात सोबत आलेल्या पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं. मी विकणारा, मलाही माहीत नव्हतं. किती वडे वाया घालवून हा माणूस इथवर आला होता कोण जाणे.

त्यांनी झाकण काढलं. एक वडा बायकोला दिला, एक स्वतः घेतला, घास चावला आणि डोळे मिटून म्हणाले, "एक नंबर! तेलातल्या वड्यानं झक मारावी, सुशीला."

मी बसल्या जागेवरून पडायचा राहिलो. चोर सापडला! 'काका, हेच उद्या दुकानात म्हणा' असं मी बोलणार, इतक्यात पुढच्या दारात दूधवाल्यानं हाक मारली आणि काका पातेलं घेऊन बाहेर गेले.

काकू माझ्याकडं सरकल्या. "सदबा, बोळा चावल्यागत लागतंय रं."

"म्हणजे?"

"वडा. आत कोरडा ठक्क. गिळत न्हाय. पर त्येस्नी बोलू नगंस. माझं तळन बंद झालं त्या दिसापासनं त्येंनी बी सोडलंय. भाईर कुनी भजं दिलं तरी खाईत न्हाईत. कढईला स्वतःच भोक पाडलं. पावसानं फुली धुतली की परत मारत्यात." त्यांनी उरलेला वडा तोंडात टाकला, पाणी प्यायल्या आणि हसल्या. "आन सारा जन्म 'चालतंय, चालतंय' ऐकलं. आता या वयात 'एक नंबर' म्हनायला लागल्यात. त्ये माझ्या हातचं न्हाय, मशीनचं हाय, म्हाईत हाय मला. तरी ऐकू दे की."

काका दूध घेऊन आले. माझ्यापुढं बशी सरकवली. "खा. आन तोंडदेखलं बोलू नगंस. कसं झालंय?"

मी घास घेतला. बोळा. काकूंचं वर्णन अचूक होतं. काका माझ्याकडं बघत होते, फौंड्रीत हातोडी मारून कान द्यायचे तसे. त्यांच्या खांद्यावरून काकू माझ्याकडं बघत होत्या. आणि मी, एसटीच्या टपावरून इथवर आलेला, ज्यानं मुंबईच्या व्यापाऱ्याला रडवलं तो मी, कष्टानं गिळलं आणि म्हणालो, "एक नंबर, काका."

"ऐकलंस?" काका बायकोला म्हणाले. "दुकानदार म्हनतोय. त्येला खोटं बोलायचं काय कारन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे बाकड्यावर. कुरुंदवाडचं एक जोडपं भट्टीपाशी थांबलं आणि आवाज आला, "पावणं, नगा घिऊ. केस वाळवायचं मशीन हाय." आता मी काय सांगू? हाच माणूस घरात एक नंबर म्हणतो, हे सांगू? दुपारपर्यंत दुकानातलं आणि घरातलं दोन्ही गल्लीत पोचेल आणि काकूंना समोरासमोर मानावं लागेल की ते 'एक नंबर' नुसता देखावा आहे. काकूंना वडा गिळत नाही, हे काकांना सांगू? मग ती भट्टी संध्याकाळी माझ्या पायरीवर आणि काकूंच्या वाट्याला पुन्हा 'चालतंय'सुद्धा नाही.

तेव्हा माझं सरळ म्हणणं आहे. नवरा बायकोला फसवतो, बायको नवऱ्याला फसवते, दोघं मिळून मला खोटं बोलायला लावतात, आणि हे सगळं माझ्या मालावर! खोकी माझ्या माळ्यावर धूळ खात पडलीत. जनूकाका, तुम्ही बोला, नाहीतर काकू, तुम्ही बोला. दोघांपैकी कुणीतरी एकानं पुढं यायचं आणि मला याचा जाब द्यायचा. दुकानात येऊन द्या. घरी बोलावू नका, तिथं वडा खावा लागतो.