वकील, अशील आणि बर्फ

ठाण्यात बर्फ पडत नाही, ही गोष्ट दिगंबरराव कर्णिकांना मान्य होती. तरीही थंडीच्या दिवसांत रोज सकाळी ते पायांना वेताच्या जाळ्या बांधून, गळ्याला मफलर गुंडाळून, बर्फात चालण्याच्या सरावासाठी खाडीकडे निघत.

जाळ्या त्यांनी एका जुन्या विलायती मासिकातलं चित्र दाखवून खुर्च्या विणणाऱ्याकडून करवून घेतल्या होत्या. भुसभुशीत बर्फात पाय रुतू नयेत म्हणून तिकडचे लोक त्या बुटांखाली बांधतात. ठाण्यात त्यातल्या त्यात बर्फाला जवळचा पदार्थ म्हणजे मिठागरालगतचा चिखल. जाळ्या त्यात रुतत नसत, हे खरं. मात्र चिकटत. मग दिगंबरराव पुढे जात आणि जाळ्या मागे राहत.

मिठागराचा मुकादम हिरू पाटील बांधावरून ओरडे, "काका, सुपां बांधून कं चाललाव?"

"हिमालयात."

"मंग भरती येवाचे आधी पोचा!"

सोबत दोन गावठी कुत्रे असत. सगळ्या जगावर भुंकणारा तो वकील. कुरकुरत त्याच्या मागे चालणारा अशील. दिगंबरराव रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, अविवाहित होते आणि चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहत. "एकट्यानं जायचं नसतं, बर्फातला पहिला नियम," असं म्हणून ते वाण्याकडे साखर आणायलाही दोघांना घेऊन जात. न्हाव्याकडेही. त्यानं एकदा हरकत घेतली, तेव्हा दिगंबरराव अर्धी दाढी तशीच ठेवून परत आले.

बर्फ पाहिल्याशिवाय नोकरी सोडायची नाही, असा त्यांचा पण होता. निवृत्तीआधीच्या शेवटच्या हिवाळ्यात रजा मिळाली आणि पठाणकोटपर्यंतचा पासही. पुढे नुसत्या पेन्शनवर हे जमणार नव्हतं, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुत्रे आमच्याकडे ठेवा," मी म्हटलं.

"आणि मी कुणाबरोबर चालू?"

आम्ही कल्याणला मेलवर पोचवायला गेलो. एक हार दिगंबररावांना, एक वकिलाला. वकिलानं त्याचा खाल्ला. दोघा कुत्र्यांची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत झाली. गाडी हलली तरी वकिलाचं भुंकणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही गल्लीतून चालत परत आले.

"काय हो, हिमालय वितळला का?" वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं. चाळ हसली. दिगंबररावांनी शांतपणे कुलूप काढलं. मी मागोमाग आत गेलो.

"कसाऱ्याला गाडी थांबली," ते म्हणाले. "घाटासाठी मागे इंजिन लावतात तिथे. म्हटलं, तेवढ्यात या दोघांना बघून यावं. अशील रडत होता. त्याचं काही नाही, तो रडकाच आहे."

"मग?"

"वकील गप्प होता."

एवढं सांगून त्यांनी दोघांसमोर पाण्याची परात ठेवली.

"म्हणून उतरलात? अहो, पण बर्फ?"

"आहे की तिथे," ते म्हणाले, आणि वकिलाच्या कानामागे खाजवत बसले.

जाळ्या खुंटीवर गेल्या. चिखलातला सराव बंद झाला. फिरणं तेवढं राहिलं.

ही हकीकत हिरू पाटलाच्या कानावर गेली असावी. शिमग्याच्या सुमारास मिठागरावर ताज्या मिठाचे ढीग लागले होते. एका सकाळी दिगंबरराव आणि मी बांधावरून जात असताना हिरूनं हाक मारली, "काका, इकरं या. सुपां घेऊन या."

दिगंबरराव घरी जाऊन जाळ्या घेऊन आले. येताना मफलरही आणला. हिरूनं सगळ्यात उंच ढीग दाखवला.

"चढा. पन आदी जाल्या धुवा. लोकांना खावाचंय."

दिगंबररावांनी जाळ्या धुतल्या, स्वतःच्या धोतरानं पुसल्या आणि बांधल्या. ऊन चढलं होतं. कपाळावर घाम आणि गळ्यात मफलर, अशा थाटात ते एकेक पाऊल टाकत पांढऱ्याशुभ्र उतारावर चढू लागले. वकील केव्हाच माथ्यावर पोचून समस्त खाडीवर भुंकत होता.

माथा हाताच्या अंतरावर असताना दिगंबररावांनी मागे वळून पाहिलं. अशिलानं मीठ चाटलं होतं, आणि तोंड वाकडं करून तो पायथ्याशीच बसला होता.

दिगंबरराव खाली उतरू लागले.