एका आकड्याची दुरुस्ती

शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या वेबसाइटवर तक्रारीसाठी जो दूरध्वनी क्रमांक दिला होता, त्याचा शेवटचा आकडा चार असायला हवा होता. तो सात होता. एवढं सोडलं तर वेबसाइट निर्दोष होती. साहेबांचा फोटो होता, साहेबांचा संदेश होता, धरणाचं चित्र होतं आणि त्या धरणावरून एक पांढरा पक्षी थोड्या थोड्या वेळाने उडत जायचा.

सातवर संपणारा तो क्रमांक वेलांटीकाकांच्या घरचा होता.

वेलांटीकाका हे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला. चूक दिसली की पेन्सिलीने रेघ मारायची, समासात बरोबर अक्षर लिहायचं आणि पुढच्या ओळीला लागायचं. जगातली प्रत्येक चूक अशीच दुरुस्त होते, अशी त्यांची भाबडी समजूत होती आणि निवृत्त होईपर्यंत ती मोडायची वेळ कुणी आणली नव्हती.

"मग नंबर बदलून टाका की," शेजारी म्हणाले. सल्ला द्यायला शेजाऱ्यांचं काय जातं. नंबर बदलणं शक्य नव्हतं, कारण ताई.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात राहायची. विसरणं बरंच पुढे गेलं होतं. आपली खोली कुठली हेसुद्धा तिला रोज नव्याने विचारावं लागायचं. पण काकांच्या घरचा नंबर तिच्या डोक्यात पक्का बसला होता. दर रविवारी सकाळी ती आश्रमाच्या व्हरांड्यातल्या फोनवरून तो लावायची आणि विचारायची, "धाकट्या, जेवलास का?" सकाळी नऊ वाजता. काका म्हणायचे, "जेवलो." तिला बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर काकांना तिच्याहून जास्त बरं वाटायचं. साठी उलटलेल्या माणसाला धाकट्या म्हणणारं दुसरं कोण उरलं होतं?

आता रविवारी लोक घरी असतात, घरी असले की नळ सोडून बघतात आणि नळाला पाणी नसलं की फोन लावतात. त्यामुळे रविवारी सकाळी काकांचा फोन अखंड गुंतलेला. ताईने लावला असेल आणि लागला नसेल, या विचाराने काकांच्या घशाखाली चहा उतरत नसे. अखेर एका सोमवारी ते खात्याच्या कचेरीत जाऊन हेडक्लार्क बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले.

"एक आकडा चुकलाय, तेवढा बदला."

"आकडा बदलता येत नाही," बाई म्हणाल्या. "आमची वेबसाइट बांधून घेतलेली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे खास आमच्या मापाने केलेली. कुठून तयार उचललेली नाही. ज्याने बांधली त्यालाच तिच्यातलं कळतं."

"मग त्याला सांगा."

"तो साहेबांच्या मेहुण्याचा मित्र. त्या दोघांचं बिनसलं. आता तो फोन उचलत नाही."

"निदान तो पक्षी तरी थांबवता येतो का?" काकांनी सहज विचारलं.

बाईंनी खिन्नपणे मान हलवली. पक्षीही त्यालाच थांबवता येत होता.

मात्र खातं झोपलेलं नव्हतं. एक आकडा बदलण्यासाठी संपूर्ण वेबसाइट नव्याने करणं हा एकमेव व्यवहार्य मार्ग असल्याचं साहेबांच्या लक्षात आलं होतं. ती पुन्हा बांधून घ्यावी, की बाजारात मिळणारी तयार प्रणाली आणावी, ज्यात खात्यातल्याच लोकांना मजकूर घालता-काढता येतो, हे ठरवायला समिती नेमण्यात आली. काकांनाही 'बाधित नागरिक' म्हणून समितीवर घेतलं. त्यांना वाटलं, चला, निदान काहीतरी हललं. घरी आल्यावर त्यांनी काकूंना तसं सांगितलंही.

"समिती?" काकू म्हणाल्या. "म्हणजे आता हा फोन मलाच उचलावा लागणार."

पहिल्या बैठकीला दोन्ही पक्षांना बोलावलं होतं. वेबसाइट बांधून देणारा नवा कंत्राटदार आधी बोलला. त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. त्याने साहेबांच्या कोटाकडे पाहिलं.

"साहेब, हा कोट शिवून घेतलेला दिसतो."

साहेबांनी पोट आत ओढून मान हलवली.

"मग खात्याला तयार कपडे का? तुमच्यासारखं खातं दुसरं नाही. तुमचे पाइप वेगळे, तुमची गळती वेगळी. दुसऱ्याच्या मापाचं तुम्हाला बसणार कसं?"

आपली गळती वेगळी आहे हे ऐकून उपअभियंत्यांचा ऊर भरून आला. सगळ्यांना पटलंच होतं, तेवढ्यात तयार प्रणालीवाला उठला. तो उत्साही माणूस होता आणि उत्साहाच्या भरात नको ते बोलून गेला.

"आमच्यात सगळं आयतं मिळतं. रंग निवडा, फोटो टाका. आणि मुख्य म्हणजे कुणाच्या पाया पडायला नको. या बाई इथे बसल्या बसल्या हवा तो आकडा बदलू शकतील."

बाईंनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"बसल्या बसल्या?" साहेबांनी विचारलं.

"हो ना. एक बटण दाबलं की झालं."

"मी नाही हो दाबणार," बाई म्हणाल्या. "उद्या कुणी विचारलं, आकडा कुणी बदलला, तर?"

"मुद्दा रास्त आहे," लेखापाल म्हणाले. ते क्वचित बोलत, पण बोलले की इतिवृत्तात जात. "आज आकडा चुकीचा आहे, पण त्याला जबाबदार कुणीही नाही. उद्या तो बरोबर झाला, तर जबाबदार माणूस सापडेल."

"मी दाबतो बटण," काका म्हणाले. "नंबर माझाच आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "काका, तुम्ही बाधित आहात. बाधित माणूस निःपक्ष नसतो."

अशा बैठका होत राहिल्या. बिस्किटं चांगली असत. इकडे घरी काकूंनी फोनचा किल्ला एकटीने लढवला. सुरुवातीला त्या सांगायच्या, "हा घरचा नंबर आहे." लोक भांडायचे. "वेबसाइटवर हाच आहे," असं पुराव्यानिशी सांगायचे. एक गृहस्थ तर म्हणाले, "बाई, काम टाळायची ही पद्धत नव्हे." एका एका फोनला भाजी करपायची वेळ यायची. मग एकदा वैतागून काकू म्हणाल्या, "बरं, तक्रार नोंदवली." पलीकडून चक्क आभार आले आणि फोन बंद झाला.

काकूंनी हा शोध काकांना सांगितला. काकांना तो पटेना. जन्मभर चुकीला चूक म्हटलेला माणूस. पण एका दुपारी त्यांनी स्वतः तीन जणांशी हुज्जत घातली, चौथ्याला म्हणाले, "पाणीपुरवठा खातं, बोला," आणि अर्ध्या मिनिटात मोकळे झाले. हळूहळू त्यांचा आवाज मऊ झाला. "काळजी करू नका," "वर कळवतो," असं ते आपसूक म्हणू लागले. छापखान्यात त्यांचे कधी कुणी आभार मानले नव्हते. उलट लोक म्हणायचे, याला दुसरं काही दिसतच नाही. आता दिवसभर आभार. माणूसच तो, सुखावणारच.

खात्याचा फोन उचलला जातो, ही बातमी शहरात पसरली आणि फोन दुपटीने येऊ लागले. ताईचा मात्र एकही लागला नाही.

अखेर समितीचा निर्णय झाला. तयार प्रणाली आणायची, पण ती खात्याच्या मापाने बांधून घ्यायची. दोन्ही कंत्राटदारांनी हात मिळवले. इतकं एकमत त्यांच्यात कधीच झालं नव्हतं. तयारवाल्याने जे बटण दिलं, ते बांधणाऱ्याने मोठ्या कौशल्याने झाकलं. आता बाई मसुदा लिहिणार, उपअभियंते तो वाचणार, लेखापाल त्यात खर्च नाही ना ते बघणार आणि साहेब खातरजमा करून मंजुरी देणार. पक्ष्याबद्दल दुमत नव्हतंच. आता दोन पक्षी उडणार होते.

नव्या वेबसाइटच्या उद्घाटनाला काका पहिल्या रांगेत होते. पडद्यावर पक्षी उडाले, टाळ्या झाल्या आणि खाली क्रमांक आला. शेवटी सात.

"स्थलांतर आहे ते," बांधणाऱ्याने समजावलं. "जुना मजकूर जसाच्या तसा नव्या घरात न्यायचा. त्यात दुरुस्ती केली तर ते स्थलांतर राहत नाही. दुरुस्ती वेगळी मागवावी लागते."

काकांनी दुरुस्ती मागवली. बाईंनी मसुदा लिहिला: 'सातऐवजी चार'. उपअभियंत्यांनी तो वाचला. लेखापालांनी त्यात खर्च नसल्याची खात्री केली. मग तो साहेबांकडे गेला, आणि साहेब नियमाचे पक्के असल्यामुळे त्यांनी स्वतः खातरजमा केली. म्हणजे वेबसाइटवरचा सातवाला नंबर फिरवला, तो खरंच खात्याचा नाही ना हे बघायला.

फोन काकूंनी उचलला. हातात लाटणं होतं, लक्ष तव्याकडे होतं.

"पाणीपुरवठा खातं, बोला."

साहेबांनी समाधानाने फोन ठेवला आणि मसुद्यावर शेरा मारला: 'सदर क्रमांक खात्याचाच असल्याची प्रत्यक्ष खात्री झाली. उत्तर तत्पर व सौजन्यपूर्ण. दुरुस्ती नामंजूर.' काका कचेरीत गेले, तेव्हा बाईंनी तो शेरा त्यांना वाचून दाखवला आणि वर अभिनंदनही केलं.

"अहो, पण तुम्ही तसं का म्हणालात?" घरी येऊन काकांनी काकूंना विचारलं. रागावले की ते काकूंना अहोजाहो करत.

"तुम्ही काय म्हणता मग? हॅलो?" काकू म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी फोनची रीघ लागली होती. काका एका हाताने दाढी करत होते, दुसऱ्या हाताने फोन उचलत होते. पाण्याची टाकी. गढूळ पाणी. नळाला नुसती हवा. पुन्हा वाजला.

"पाणीपुरवठा खातं, बोला."

पलीकडे नुसता श्वास. मग एक ओळखीचा, थोडा कापरा आवाज आला, "चुकलं वाटतं माझं," आणि फोन ठेवल्याचा आवाज.

काकांच्या गालावरचा साबण तसाच राहिला. जगात एकच गोष्ट तिच्या पक्की लक्षात होती, आणि तीही चुकली असं आज तिला सांगण्यात आलं होतं. तेही सौजन्यपूर्ण आवाजात.

"अगं, आश्रमाचा नंबर काय?" ते ओरडले.

काकूंना माहीत नव्हता. काकांनाही नव्हता. लावायची वेळच आली नव्हती; फोन नेहमी ताईच करायची. शेवटी त्यांनी आश्रमाची वेबसाइट शोधून नंबर काढला. लगेच लागला, लगेच उचलला गेला.

"बोला," एक बाई मऊ आवाजात म्हणाल्या.

"माझी बहीण तिथे असते. तिला सांगा, नंबर बरोबर होता. तिचं काही चुकलं नाही. मीच होतो."

"बरं. पोचवते हं निरोप. काळजी करू नका."

फोन ठेवता ठेवता काका थबकले. हा मऊपणा त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता.

"बाई, खरं सांगा. हा आश्रमाचाच नंबर आहे ना?"

पलीकडे शिवणाचं मशीन चालू होतं, ते थांबलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "माझं घर आहे. शिवणकाम करते. त्यांची वेबसाइट झाली तेव्हापासून हे असं. आधी चुकीचा नंबर म्हणून सांगायचे, तर लोक अंगावर यायचे. आता पोचवते म्हणते. लोकांनाही बरं वाटतं, मलाही शिवण पुरं करता येतं."

"वेबसाइट बांधून घेतलेली आहे, की तयार?"

"ते मला काय माहीत? त्यात म्हणे एक फूल सारखं उमलत असतं. पण तुम्ही कोण बोलताय? आवाज ऐकल्यासारखा वाटतोय."

काकांनी नाव सांगायला तोंड उघडलं, पण सवयीने बाहेर पडलं ते भलतंच. "पाणीपुरवठा खातं."

"अगंबाई, परवा माझी तक्रार नोंदवलीत ते तुम्हीच का?" बाई आनंदल्या. "फार बरं वाटलं होतं बघा तुमच्याशी बोलून. पाणी अजून आलेलं नाही. पण बरं वाटलं होतं."

काकांनी फोन ठेवला, टॉवेलने साबण पुसला आणि अर्धी दाढी तशीच घेऊन बस पकडली. ताई व्हरांड्यात बाकावर बसली होती, फोनच्या अगदी शेजारी. काका जवळ जाऊन बसले. तिने बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बिनदाढीचा अर्धा भाग तिला ओळखू आला असावा.

"धाकट्या, जेवलास का?"

"जेवलो," काका म्हणाले.

"तुला फोन केला होता मी. कुठल्या तरी कचेरीत लागला." तिने शेजारच्या फोनकडे बोट दाखवलं. "पण माणूस चांगला होता हो. फार गोड बोलला."

काका संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. घरी काकूंनी फोनवर उशी ठेवली आणि बऱ्याच महिन्यांनी दुपारची झोप काढली. उशीखाली फोन वाजत राहिला. त्यात एखादा तुमचाही असेल. काळजी करू नका. तक्रार नोंदवली आहे.