जिलबीची पुढची तारीख

भंगाळेनाना आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले आणि जाताना आमच्या फ्रिजवर पांढऱ्या ऑइलपेंटनं तारीख टाकून गेले. मी कप ठेवायला आत गेले होते, तेवढ्यात. बाहेर येऊन पाहते तर नाना ब्रश पुसत होते. "दरवाज्याचं रबर, मॅडम. सहा महिन्यांनी पाहून घ्यायचं." फ्रिज घेऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता.

नानांची उभी हयात भुसावळच्या रेल्वे यार्डात मालगाडीचे डबे तपासण्यात गेली. दुरुस्त झालेल्या डब्यावर पुढच्या तपासणीची तारीख रंगवतात आणि त्या तारखेला डबा देशात कुठंही असो, परत आणायचाच, हे नानांच्या अंगात इतकं मुरलंय की त्यांच्या घरात पंखा, मिक्सर, गॅसची नळी, सगळ्यांवर तारखा. तपासायची पद्धतही ठरलेली. बोटांच्या पेरांनी ठोकायचं, कान देऊन ऐकायचं आणि म्हणायचं, "फिट हाये. पाठवा गाडी!" माझ्या सासूबाई त्यांच्यासमोर कवळी काढत नाहीत.

बिनतारखेचे फक्त नाना स्वतः. आमचा एक जिना चढून आले की पाच मिनिटं खुर्चीत धापा टाकतात. "डॉक्टरांना दाखवा ना," म्हटलं की स्वतःच्या छातीवर ठोकून तेच, "फिट हाये. पाठवा गाडी!"

घरात आता ते आणि जिलबी. जिलबी म्हणजे गावठी कुत्री, शेपटीचं वेटोळं फिरलेलं, म्हणून नानांच्या बायकोनं, कुसुमकाकूंनी ठेवलेलं नाव. काकू फैजपूरच्या, केळीच्या मुलखातल्या, त्यामुळे जिलबीला केळं लागतं, आणि तेही सोलून. काकूंच्या मागे मागे ती आठवडी बाजारातून आली, तेव्हा नाना तिला 'बिगरतिकिटाची' म्हणायचे. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. आता केळं नाना सोलतात.

जिलबीच्या पट्ट्याला अॅल्युमिनियमची पट्टी आहे आणि तिच्यावर लशींची तारीख. दरवर्षी त्याच दिवशी दोन सुया: एक रेबीजची, दुसरी बाकीच्या रोगांची. गेल्या वर्षी सुया घेतल्यावर जिलबी दोन दिवस पडून राहिली, केळ्याकडेही बघेना. यंदा ती दहा वर्षांची झाली आणि नानांच्या जिवाला घोर लागला. द्यायची की नाही?

कॉलनीनं सल्ले दिले. आमच्याकडे सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. एक जण म्हणाले, म्हातारी झाली, कशाला टोचता? दुसरे म्हणाले, नाही टोचलं आणि काही झालं तर? नाना दोघांनाही "बरोबर" म्हणाले आणि आठवडाभर झोपले नाहीत. तारीख उलटून गेली. नानांच्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी मीच दोघांना गाडीत घातलं आणि जळगावला नेलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण, मूळच्या धुळ्याच्या. त्यांनी जिलबीचं पोट चाचपलं, छाती ऐकली आणि गेल्या वर्षीचं सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "नाना, जिलबी एकदम बेस शे, ठणठणीत. रेबीजची दरवर्षी द्यायचीच, ती चुकवू नका. दुसरी तिला इतकी वर्षं नेमानं मिळाली आहे. आता ती तीन वर्षांनी दिली तरी चालेल."

"तीन वर्षं?" नाना उभेच राहिले. "डबा तीन वर्षं बिनतपासणीचा पळवायचा?"

"बिनतपासणीचा कसा? रेबीजसाठी दरवर्षी आणालच की. तेव्हा मी तपासेन."

नानांनी बराच वाद घातला. मग रेबीजची सुई झाली, बाईंनी अर्धा तास थांबवून घेतलं आणि कार्डावर दोन तारखा लिहिल्या. दुसऱ्या तारखेवर नानांनी बोट ठेवलं. "म्हंजे तीन वर्षांनी हिले घेऊन यायचं?"

"हो."

"तुम्ही लिहून दिलंय, बरं का."

परतताना नाना मागे बसले. जिलबी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. नशिराबाद मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "मॅडम, घरातल्या बठ्ठ्या वस्तूंवर तारीख टाकली. कुसुमवर नाही टाकली."

मी गाडी हळू केली.

"म्हने, छातीत भरून येतं, एकदा दाखवून येऊ. मी म्हनलो, तू फिट हायेस." पुढचे दोन शब्द त्यांनी म्हटले नाहीत. मला रडू आलं. त्यांची एवढी चेष्टा केल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे भाजी द्यायला गेले. जिलबीच्या पट्टीवर दोन्ही तारखा रंगवून झाल्या होत्या. नाना दारापाशी स्टुलावर बसून आपल्या नावाच्या पाटीवर ब्रश फिरवत होते. नावाखाली ओला पांढरा रंग चमकत होता: जिलबीची तीन वर्षांनंतरची तारीख.

"नाना, ही तुमच्यावर कशाला?"

"तिले न्यायले कोनी पाह्यजे ना," नाना मान वर न करता म्हणाले. मग ब्रश पुसला. "तुमची गाडी मंगळवारी रिकामी हाये का? मले एकदा छाती दाखवून यायची हाये."