आठ भाकरी चालल्या कुठं?

रझियाआपा दर रविवारी मेसमधल्या मुलींना पोती मोजायच्या काट्यावर उभं करायच्या. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली डॉक्टरकीच्या प्रवेशाचे क्लासेस निघाले होते आणि आम्ही चौदा मुली आपांकडे दोन्ही वेळ जेवायचो. जिचं वजन घटलं, तिच्या ताटात न विचारता एक भाकरी जास्त पडायची. "तुमची डॉक्टरकी तुमच्या सरांना म्हाईत. मला फक्त किलो कळते," असं त्या म्हणायच्या.

मी उमरीची, बारावीत होते. दिवाळीनंतर मला अशी भूक लागायला लागली की माझी मलाच लाज वाटे. आठ भाकरी खायचे आणि तासाभरात पुन्हा पोटात आग. काटा मात्र दर रविवारी खालीच. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. मलाही तसंच वाटायचं. हात थरथरायचे, छाती धडधडायची. ते परीक्षेचं टेन्शन समजून मी सोडून देई.

पाचव्या रविवारी आपांनी मला तीनदा काट्यावर चढवलं, तीनदा उतरवलं.

"सहा किलो कमी. आठ भाकरी चालल्या कुठं? कुनाला द्यायलीस का?"

"मीच खाते, आपा."

"हाव, माझ्यासमोरच खातीस. म्हनून तर भ्या वाटायलंय."

माझा थरथरता हात त्यांनी धरून पाहिला, चुलीवरचं कालवण अर्धकच्चं उतरवलं, बुरखा चढवला आणि मला रिक्षात घातलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. थायरॉईड निघालं. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडत होती आणि अंग खाल्लेलं सगळं जाळून टाकत होतं. आदल्याच आठवड्यात याच धड्यावर मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत भूक तीन भाकरींवर आली आणि वजन वाढलं. हे आपांना काही पटेना.

"कमी खाऊन वजन वाढते, हे कुठलं शास्त्र?"

त्यांच्याबरोबर भांडी घासताना मी समजावून सांगितलं. म्हटलं, हीच ग्रंथी सुस्त पडली तर सगळं उलटं होतं. अंग सुजतं, थंडी वाजते, माणूस नुसतं झोपून राहतं.

आपांचा हात परातीवर थांबला. "न खाता?"

"फारसं न खातासुद्धा."

त्या ओट्यावर बसल्या. भूकंपात गाव पडल्यावर त्या आणि धाकटी बहीण नसीम पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं.

"ती फुगायली होती. दिवसभर गोधडीत पडून. मी म्हनलं, मदतीचं धान्य चोरून खातीस. धान्याच्या पेटीला कुलूप घातलं. चारचौघांत बोलले तिला. ती उदगीरला मामूकडं निघून गेली. तवापासून बोलनं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मेस पहिल्यांदाच बंद होती. आपा सकाळच्या बसनं उदगीरला गेल्या होत्या.

तीन दिवसांनी परतल्या. नसीमचं रक्त तपासायला दिलं होतं, रिपोर्ट यायचा होता.

"बोलली का?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी न्हाई. दारच उघडलं न्हाई. दुसऱ्या दिवशी तिनं ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं. मी म्हनलं, नसीम, मला एवढं जानार न्हाई." आपांनी बुरखा काढून खुंटीला लावला. "तर म्हनली, 'खा आपा. तू लई वाळलीस.'"