उत्तरपूजेवाचून अडलेलं इंजिन

या, पुढं सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. कथा लहान आहे, पण मोटारीची आहे.

सन एकोणीसशे शेहेचाळीसात खंडाळ्याला सरकारी मोटार-कारागीर वर्ग निघाला. देश स्वतःच्या मोटारी घडवणार, तर आधी मिस्तरी घडले पाहिजेत, असा उदात्त हेतू. कुरवंड्याचा हौशीराम पहिल्याच दिवशी दाखल झाला. त्याला देशाचं फारसं ठाऊक नव्हतं. मुक्ता ठाऊक होती. घाटात तापून बसलेल्या मोटारी ढकलून तो पोट भरी, आणि मुक्ताच्या वडिलांनी, मारुतीआबांनी, बजावलं होतं, "पोरगी मिस्तरीला दीन. मोटारी ढकलनाऱ्याला न्हाई!"

वर्गाचं इंजिन आलं ते नेमकं खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी. वर्गाचे प्रमुख रावसाहेब. त्यांनी सोवळं नेसून इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आता पूजेत मांडलेल्या वस्तूला उत्तरपूजेआधी हात लावायचा नाही, हे काय सांगायला हवं? उत्तरपूजा दसऱ्याला व्हायची. पण दसऱ्याच्या पहाटेच्या गाडीनं रावसाहेबांची बदली झाली धारवाडला.

"मी अक्षता टाकून हलवू का इंजिन?" हौशीरामानं विचारलं.

"तू कोन रं?" शिपाई भिमाजी उखडला. "ज्यानं पूजा मांडली, त्यानंच देव उठवायचा."

भिमाजीचं बोलणं एरवी कोणी मनावर घेत नसे. वरिष्ठ कचेरीनं घेतलं. परिपत्रक निघालं: 'सक्षम अधिकाऱ्याच्या उत्तरपूजेअभावी इंजिनास कोणीही स्पर्श करू नये. शिक्षण मात्र खंडित होऊ नये.'

नाहीच झालं खंडित. अंबाजी मास्तर लांबूनच शिकवत. "डोळे मिटा. मनातल्या मनात झाकण उघडा. दिसलं का काही?"

"दिसलं, मास्तर!" सगळा वर्ग एका सुरात.

प्रात्यक्षिक म्हणून रोज आरती. हौशीरामाचा गळा गोड, म्हणून तो इंजिनविद्येत पहिला आला.

तपासनीस साहेबांनी पुण्याहून येऊन दाखले वाटले. मारुतीआबांनी भरल्या डोळ्यांनी होणाऱ्या जावयाच्या हाती नारळ दिला. साहेब परत निघाले, तर त्यांची मोटार काही केल्या चालू होईना. सगळ्यांनी हौशीरामाकडं पाहिलं. त्यानं झाकण उघडलं, शिकवल्याप्रमाणे हळदकुंकू वाहिलं, आबांचाच नारळ पुढं ठेवला आणि हात जोडून मागं सरला.

"मग पुढं?" साहेब खेकसले.

"पुढं उत्तरपूजा, सायेब. धारवाडला तार करा."

परिपत्रकावर सही साहेबांचीच होती. ते गुमान गाडीत बसले. सगळा वर्ग मागून जोर लावू लागला. हौशीरामानं दाखला दातांत धरला होता. शेजारी आबाही ढकलत होते.

"ह्ये तर तू आदीबी करीत हुतास की रं!"

हौशीरामानं दाखला काखेत धरला. "व्हय आबा. पन तवा बिनदाखल्याचं हुतं."

आबांनी लोणावळ्यापर्यंत विचार केला. मग धापा टाकत म्हणाले, "सबूद मिस्तरीला दिलाय, आन कागूद म्हनतोय तू मिस्तरी. पोरगी तुजी. निस्तं गावात बोलू नगंस."

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'राष्ट्रीय मोटारउद्योग प्रशिक्षित मनुष्यबळाच्या जोरावर पुढे सरकत आहे.'

हसलात ना, मायबाप? हसा. मग घरी जाऊन ती पोथी बघा, दसऱ्याला फूल वाहून पाटावर ठेवलेली. तिला अजून हात लागला नाही, तो तुमच्याकडं कुणाची बदली झाली म्हणून? ते वाळलं फूल उचलाल, तेव्हा आमच्या हौशीरामाची आठवण ठेवा.