बिनधुराचा राब

“औंदा आपल्या रानात धूर न्हाई निघणार! निघंल तो चुलीतनं!” कोंडीरामनं माले गावच्या पारावर जाहीर केलं.

भाताचं बी टाकायच्या आधी वाफ्यावर शेण-पाला पसरून पेटवायचा, म्हणजे राब भाजायचा, ही आज्या-पणज्याची रीत. पण कृषी सहायक गौतमी मॅडमचं एक शिबिर ऐकलं आणि कोंडीरामला सगळे आजे-पणजे अडाणी वाटू लागले. शेजारच्या नरहरीनं राब पेटवला, तर हा कळशी घेऊन धावला आणि चार माणसांत विझवून आला!

मॅडम म्हणाल्या होत्या, “शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला.” पण कुजायला वेळ लागतो, भाषणाला लागत नाही. कोंडीरामनं गोठ्यातलं ताजं शेण ओतलं, बी फेकलं आणि महिनाभर गावोगाव उपदेश करत फिरला.

जुलै लागला, मॅडमचा फोन आला. “काका, उद्या वीस शेतकरी तुमचा वाफा बघायला आणतेय!”

कोंडीराम वाफ्यावर गेला. शेणातलं गवताचं बी असं माजलेलं, की भाताचं रोप म्हणजे वरातीत हरवलेला नवरदेव! बांधापलीकडं नरहरीचं रोप मात्र कमरेवर हात ठेवून उभं.

“मी गेल्यावर मागनं भाजलाच असणार लेकानं!” कोंडीराम पुटपुटला.

सकाळी नरहरी पौडला गेलेला पाहून कोंडीरामनं आपल्या वाफ्यावरची ‘बिनधुराचा राब’ ही पाटी उपटून गुपचूप त्याच्या वाफ्यात रोवली.

माणसं आली, खूश झाली. मॅडमनी एक रोप उपटून मुळाची माती बोटांत चोळली. कोंडीराम घाईनं पुढं सरसावला.

“मॅडम, राख दिसली तर ती वाऱ्यानं आलीया! आमी काडी ओढली न्हाई!”

“राख? कुठाय राख?”

“राख कुटली, अण्णा?” मागून नरहरीचा आवाज. तो पौडवरनं परतला होता. “तुमी चार माणसांत पाणी ओतलं, तवापासनं म्या पेटवलाच न्हाई. मॅडम सांगतात तसं कुजलेलं खत घातलं. पर तुमची पाटी माझ्या वाफ्यात कशी?”

वीस टोप्या एकदम कोंडीरामकडं वळल्या.

“मग तुमचा वाफा कुठला, काका?”

कोंडीरामचं बोट उचलेना. ते काम त्याच्या बायकोनं, चंद्रकलानं केलं. “ह्यो काय! म्हशीला इचारा, लई झ्याक आलाय म्हनंल!”

हशा पिकला. नरहरी तेवढा हसला नाही, आणि कोंडीरामला तेच जास्त झोंबलं.

“अण्णा, लावणीला माझ्यातलं रोप न्या. उरंल एवढं हाय.”

मान खाली घालून कोंडीराम स्वतःचे चिखलातले पाय बघत राहिला.

चंद्रकला पदर खोचून नरहरीच्या वाफ्यात उतरली. “अवो, मान खाली गेलीच हाय, तर तशीच ऱ्हाऊ द्या अन् रोप उपटायला लागा!”